पंपाच्या तक्रारी आणि कुणाचं घड्याळ: बडोद्याच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ५ जानेवारी २०२६

साहेबांनी आल्याआल्या दोन कागद माझ्यासमोर ठेवले. दोन्ही एकाच रिपोर्टचे, एकाच आठवड्याचे, ८ ते १३ डिसेंबर. एक १३ तारखेला संध्याकाळी छापलेला, दुसरा आज सकाळी. पहिल्यावर बंद झालेल्या तक्रारी ३१, दुसऱ्यावर २६. "गेलेला आठवडा बदलतो कसा?" एवढंच विचारलं आणि चहाला निघून गेले. प्रश्न रास्त आहे. रोजमेळातली मागच्या महिन्याची शिल्लक आपोआप कमी झाली तर आपण चोर शोधायला लागतो. तक्रारींचे दोन कागद मात्र इतक्या वर्षांत कुणी शेजारी ठेवलेच नव्हते.

पुढे कुणी या नोंदी वाचेल त्याच्यासाठी मांडणी. मकरपुऱ्यात आमचा पंपांचा कारखाना. ग्राहकाचा पंप गळला, तापला, आवाज करू लागला की सर्व्हिस डेस्कच्या बेन रेडमाइनमध्ये, म्हणजे तक्रारी नोंदवायच्या प्रोग्रॅममध्ये, तिकीट उघडतात, एका तक्रारीला एक. रेडमाइनच्या मागे पोस्टग्रेस, सगळी माहिती साठवणारा डेटाबेस. त्यातून एक जुनी एक्सेल फाइल दर शनिवारी आकडे ओढते. आतली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा लेखी प्रश्न, ज्याने लिहिली तो केव्हाच नोकरी सोडून गेला. आता नवा रिपोर्ट मेटाबेसवर, म्हणजे डेटाबेसमधले आकडे पानावर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, करायचा, जानेवारीअखेर. माणसं दोन, मी आणि सर्व्हर सांभाळणारा भाई.

मंगळवार, ६ जानेवारी

चालू डेटाबेसवर रिपोर्ट चालवायचा नाही, हे आधीच ठरवून टाकलं. बेन फोन कानाला लावून तिकीट भरत असताना माझ्या क्वेरीमुळे त्यांचं पान गोल गोल फिरत बसायला नको.

भाई म्हणाला, स्टँडबाय सर्व्हर, म्हणजे मूळ सर्व्हरची सतत चालू नक्कल, रिकामाच आहे, तिथे चालव. चालवली. पाऊण मिनिटात क्वेरी मेली: रिकव्हरीशी विरोध झाला म्हणून रद्द केली, असा निरोप आला. पोस्टग्रेसचं बरोबरच आहे. मूळ सर्व्हरवरून आलेला बदल लावायचाय आणि माझी क्वेरी त्याच ओळी धरून बसलीय, तर स्टँडबाय मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद वाट बघतो आणि मग वाचणाऱ्याला उठवतो. ही मुदत वाढवता येते, पण मग स्टँडबायच मागे रेंगाळतो, आणि तो अडीअडचणीसाठी ठेवलाय, माझ्या तक्त्यांसाठी नाही. शिवाय तिथे नुसतं वाचता येतं, स्वतःचं टेबल किंवा मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचं साठवून ठेवलेलं उत्तर) करून ठेवता येत नाही.

शेवटी साधा मार्ग धरला. रात्री दोनला बॅकअप निघतोच, तोच वेगळ्या डेटाबेसमध्ये उतरवायचा. आकडे कालपर्यंतचे असतील. साहेबांना सकाळी नऊला कागद हवा असतो, मिनिटामिनिटाचा हिशेब नको असतो. भाई माझ्यापेक्षा खूश, कारण बॅकअप खरंच उघडतो की नाही हे आता रोज रात्री फुकटात कळणार.

परवानग्यांचं एक लक्षात ठेवायचं. कुणाला कुठलं तिकीट दिसावं हे रेडमाइनचा प्रोग्रॅम ठरवतो, टेबलांना त्याचा पत्ता नसतो. थेट एसक्यूएलने, म्हणजे क्वेरीच्या भाषेत, वाचणाऱ्याला खाजगी तिकिटं आणि खाजगी टिपा, सगळं उघडं पडतं. म्हणून रिपोर्टच्या युजरला जर्नल्स, म्हणजे बदलांच्या नोंदींच्या, टेबलमधला टिपांचा कॉलम दिलाच नाही. पोस्टग्रेसमध्ये परवानगी कॉलमवार देता येते. आता त्या टेबलवर कुणी आळसाने 'सिलेक्ट स्टार', म्हणजे सगळे कॉलम दे, असं लिहिलं की परवानगी नाही म्हणून अडतं, तेही बरंच झालं.

गुरुवार, ८ जानेवारी

ती पाच तिकिटं सापडली.

जुनी क्वेरी एकच बघते: तिकिटाची 'क्लोज्ड ऑन' तारीख त्या आठवड्यात पडते का. ही तारीख तिकीट शेवटचं कधी बंद झालं त्याची. मेख अशी की तिकीट पुन्हा उघडलं तरी रेडमाइन ही तारीख पुसत नाही, आणि परत बंद केलं की तिथे नवी तारीख बसते. म्हणजे १२ डिसेंबरला बंद केलेलं तिकीट १५ ला उघडलं तरी आदल्या आठवड्याच्या हिशेबात 'बंद' म्हणूनच बसतं. १८ ला पुन्हा बंद झालं की उडी मारून पुढच्या आठवड्यात जातं. आदल्या आठवड्याचा आकडा गुपचूप एकाने उतरतो. पाचही तिकिटांचं हेच झालं होतं.

हा कॉलम आजची स्थिती सांगणारा. त्याला कालचं विचारलं तर तो आजचंच सांगणार. कालचं हवं तर जर्नल्समध्ये उतरावं लागेल, तिथे प्रत्येक बदल तारीखवेळेसकट पडून आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. पाचही तिकिटं शुक्रवारी संध्याकाळी बंद झालीत आणि पाचही सोमवारी सकाळी उघडलीत.

शनिवार, १० जानेवारी

आजचा दिवस साडेपाच तासांनी खाल्ला. खरं तर अकरा.

रेडमाइन वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या साडेपाच तास मागे) ठेवतो, आणि पोस्टग्रेसमध्ये त्या कॉलमचा प्रकार 'टाइमस्टॅम्प विदाउट टाइम झोन', म्हणजे वेळ आहे पण ती कुठल्या गावची हे लिहिलेलं नाही. मी कॉलमला 'ॲट टाइम झोन एशिया कोलकाता', म्हणजे भारताची वेळ, जोडलं आणि निवांत झाले. मग तिकीट २११८ बघितलं, तर इंजिनिअरने काम सुरू केलं रविवारी रात्री १०:५५ ला. आमचा इंजिनिअर गुणी आहे, पण एवढाही नाही.

झालं असं. गावाचं नाव नसलेल्या वेळेला हे वाक्य लावलं की पोस्टग्रेस समजतो, 'ही वेळ कोलकात्याची आहे', आणि ती यूटीसीत आणण्यासाठी साडेपाच तास वजा करतो. मला हवे होते साडेपाच तास अधिक. खरी वेळ सोमवार सकाळ ९:५५, डेटाबेसमध्ये ४:२५, माझ्या क्वेरीत आदल्या रात्रीचे १०:५५. उपाय म्हणजे तेच दोनदा लिहायचं: आधी 'ॲट टाइम झोन यूटीसी', म्हणजे ही वेळ कुठली ते सांगितलं, मग 'ॲट टाइम झोन एशिया कोलकाता', म्हणजे कुठली हवी ते सांगितलं. पहिल्याने वेळेला गाव मिळतं, दुसऱ्याने ती आपल्या गावी येते.

हे सगळं एकाच व्ह्यूमध्ये, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या क्वेरीमध्ये, बांधून टाकलं. यापुढे कुणीही मूळ कॉलमला हात लावायचा नाही. रिपोर्टमधल्या तारखा जिथे तिथे जागेवर बदलत बसलं की दहातल्या एका ठिकाणी विसर पडणारच.

सोमवार, १२ जानेवारी

आज खरं काम. प्रत्येक तिकीट कुठल्या स्टेटसमध्ये किती वेळ होतं, ते काढायचं.

जर्नल्समध्ये कोणी आणि कधी बदल केला ते असतं, आणि जर्नल डिटेल्समध्ये नेमकं काय बदललं ते: कुठलं फील्ड, जुनी किंमत, नवी किंमत. आपल्याला 'स्टेटस आयडी' असलेल्या ओळी हव्यात. किमती मजकूर म्हणून ठेवलेल्या असतात, त्यामुळे स्टेटसच्या टेबलशी जोडण्याआधी त्यांचा आकडा करून घ्यावा लागतो.

मग 'लीड'. एका तिकिटाचे बदल वेळेप्रमाणे ओळीत लावायचे आणि प्रत्येक ओळीला विचारायचं, तुझ्यापुढची कधी आली? दोन वेळांमधलं अंतर म्हणजे त्या स्टेटसमधला मुक्काम. वेळेसोबत आयडीनेही क्रम लावला, कारण एकाच सेकंदात दोन बदल पडलेली तिकिटं आहेत.

एक भोक राहिलं होतं, ते दुपारी दिसलं. जर्नल बदलाचं असतं. तिकीट जन्माला आलं त्या क्षणाची ओळ तिथे नसतेच. 'नवीन' स्टेटसमधला सगळा वेळ माझ्या हिशेबातून गायब, आणि ग्राहक सगळ्यात जास्त चिडतो तो नेमका याच काळात, कुणी फोन उचललेला नसतो तेव्हा. म्हणून प्रत्येक तिकिटाला एक ओळ हाताने लावली: वेळ म्हणजे तिकीट उघडल्याची वेळ, आणि स्टेटस म्हणजे पहिल्या बदलातली जुनी किंमत. बदलच झाला नसेल तर आजचं स्टेटस. 'युनियन ऑल' करून दोन्ही एकत्र.

मंगळवार, १३ जानेवारी

सर्व्हिस डेस्कवर जाऊन बसले. शुक्रवारचं कोडं विचारायचं होतं, पण विचारायचं कसं? 'तुम्ही तिकिटं खोटी बंद करता का' असं तर विचारता येत नाही. शेवटी ग्राफच दाखवला: आठवड्याचे वार खाली, बंद झालेली तिकिटं वर, शुक्रवारी ताडासारखा खांब.

बेन जराही ओशाळल्या नाहीत. "बंध करवुं ज पडे ने. शनिवारे कागळ नीकळे." ग्राहकाला फोटो मागितलाय, सीलचा नंबर मागितलाय, तो देत नाही, तर आम्ही काय करायचं? शनिवारी कागद निघतो, उघडी तिकिटं दिसली की आम्हाला बोलणी. मग शुक्रवारी बंद करतो. सोमवारी ग्राहकाचा फोन आला की उघडतो.

यात मला त्यांची चूक काढता येईना. 'ग्राहकाच्या उत्तराची वाट' हे स्टेटस आहे, त्या ते वापरतातही. जुना रिपोर्ट मात्र उघडं आणि बंद एवढंच ओळखतो. ज्या तिकिटाचा चेंडू ग्राहकाच्या अंगणात आहे, त्याचाही वेळ बेनच्या नावावर चढतो.

म्हणून एक छोटं टेबल केलं: डावीकडे स्टेटस, उजवीकडे त्या काळात घड्याळ कुणाचं. नवीन, आपलं. काम सुरू, आपलं. ग्राहकाची वाट, ग्राहकाचं. पुन्हा उघडलं, आपलं. बंद, कुणाचंच नाही. पाच ओळींचं टेबल आहे, पण उजवा कॉलम भरताना बेन आणि दोन इंजिनिअर यांची पाऊण तास हुज्जत चालली. सगळ्या एसक्यूएलमध्ये मिळून एवढा वाद नव्हता.

शुक्रवार, १६ जानेवारी

१४ उत्तरायण, १५ वासी उत्तरायण. दोन दिवस गच्चीवर होते. उंधियू, जिलबी, आणि आईच्या हट्टाने तिळगूळ. बोटांना मांजाने कापलंय, टाइप करताना झोंबतं.

आणि हाच मुद्दा रिपोर्टचा. १३ तारखेला संध्याकाळी आलेली तक्रार १६ ला सकाळी उचलली तर जुन्या हिशेबाने अडीच दिवस उशीर. बडोद्यात त्या दोन दिवसांत एखादं शटर उघडं दिसलं तर शेजारीच विचारायला येतात. पण ग्राहक पुण्याचा असेल तर त्याला संक्रांतीचा एकच दिवस ठाऊक, आणि तोही सुट्टीचा असेलच असं नाही. सुट्टी कुणाची धरायची? आमचीच धरली, कारण मोजमाप आमच्या कामाचं आहे. करारात तसं लिहायला हवं, हे साहेबांना वेगळं कळवलं.

कॅलेंडरचं टेबल 'जनरेट सिरीज'ने केलं, दिवसाला एक ओळ: काम सुरू कधी, संपतं कधी. सोमवार ते शनिवार नऊ ते सहा. रविवारच्या आणि सुट्ट्यांच्या ओळी काढून टाकल्या. लक्ष्मीपूजनाला एक वाजेपर्यंत. मग प्रत्येक मुक्काम या ओळींवर ठेवायचा: दोन्ही शेवटांतला जो आधीचा, तो वजा दोन्ही सुरुवातींतली जी नंतरची. उत्तर शून्याच्या वर आलं तर तेवढा वेळ कामाचा. 'लीस्ट' आणि 'ग्रेटेस्ट' ही दोन फंक्शनं पुरली. शून्याखालचं गाळायला विसरले होते. तेव्हा रविवारी कुणी काम परत करतंय असं दिसायला लागलं, वजा नऊ तास.

शनिवार, १७ जानेवारी

तिकीट २११८ हाताने, वहीत. क्वेरीवर विश्वास ठेवण्याआधी एक तरी तिकीट पेन्सिलने सोडवायचं, हा माझा नेम.

शुक्रवार ५ डिसेंबर, संध्याकाळी ५:४०: नवीन. मेकॅनिकल सीलमधून गळती.
सोमवार ८, सकाळी ९:५५: काम सुरू.
सोमवार ८, दुपारी १२:२०: ग्राहकाची वाट. शाफ्टचा फोटो मागितला.
शुक्रवार १२, संध्याकाळी ५:३५: बंद.
सोमवार १५, सकाळी १०:०५: पुन्हा उघडलं. फोटो आला.
गुरुवार १८, दुपारी ३:१५: बंद.

जुना रिपोर्ट म्हणतो १२.९ दिवस. आता कामाच्या तासांत. नवीन: शुक्रवारची २० मिनिटं, अख्खा शनिवार ९ तास, सोमवारची ५५ मिनिटं, एकूण १० तास १५. काम सुरू: २ तास २५. ग्राहकाची वाट: सोमवारचे ५:४०, मधल्या तीन दिवसांचे २७, शुक्रवारचे ८:३५, एकूण ४१ तास १५. पुन्हा उघडल्यावर: सोमवारचे ७:५५, दोन दिवसांचे १८, गुरुवारचे ६:१५, एकूण ३२ तास १०. आपलं घड्याळ ४४ तास ५० मिनिटं, ग्राहकाचं ४१ तास १५.

क्वेरीने हेच दिलं, मिनिटासकट. उठून चहा घेतला.

मधल्या शनिवार-रविवारी तिकीट 'बंद' होतं त्या काळाचे १० तास ३० मिनिटं कुणाच्याच नावावर नाहीत. पंप तर गळतच होता. यावर अजून ठरत नाही. सध्या वेगळ्या कॉलममध्ये दाखवते, 'बंद दाखवलेला पण नसलेला काळ'. नाव बेढब आहे, पण चांगलं सुचेपर्यंत हेच.

मंगळवार, २० जानेवारी

शाखेप्रमाणे आकडे हवेत. शाखा हे रेडमाइनमधलं कस्टम फील्ड, म्हणजे आपण स्वतः जोडलेला रकाना, यादीतून निवडायचं. 'ग्रुप बाय' केलं तर आमच्या गावाच्या चार शाखा निघाल्या: बरोडा, वडोदरा, बीआरसी, आणि एक रिकामी.

बरोडाचं सरकारी नाव १९७४ मध्ये वडोदरा झालं. आमच्या यादीत ते बरंच नंतर झालं. आणि यादी प्रकारच्या फील्डमध्ये रेडमाइन निवडलेला मजकूरच जसाच्या तसा साठवतो, त्यामुळे यादीतलं नाव बदललं तरी जुन्या तिकिटांवर जुनंच राहतं. बीआरसी डिस्पॅचवाल्यांची करामत. रेल्वे स्टेशनचा कोड आजही तोच असल्यामुळे त्यांच्या हाताला तोच वळणी पडलाय. आम्ही घरी बडोदंच म्हणतो. नशीब ते कुणी यादीत घातलं नाही.

रिकामी शाखा म्हणजे दोन वेगळी प्रकरणं. काही तिकिटांना त्या फील्डची ओळच नाही, लेफ्ट जॉइनमध्ये (जोड न मिळालेली ओळही राखणाऱ्या जोडणीत) नल, म्हणजे 'काहीच नाही', येतो. काहींना ओळ आहे पण आत रिकामा मजकूर. एसक्यूएलला हे दोन वेगळे, साहेबांना एकच. 'नलइफ'ने एक केले. नावांसाठी जोडटेबल. मूळ तिकिटं दुरुस्त करायचा मोह झाला होता, पण त्याने हजारो तिकिटांवर 'आज बदल' अशी नोंद पडेल. ज्या इतिहासावर माझा सगळा डोलारा उभा आहे त्यात मीच कचरा करणार.

गुरुवार, २२ जानेवारी

इंजिनिअर तास. एका तिकिटावर कुणी किती वेळ दिला ते टाइम एंट्रीजमध्ये आहे. तोच टेबल स्टेटसच्या क्वेरीला जोडला आणि बेरीज मागितली. २११८ वर साडेसहा तासांऐवजी साडेबत्तीस.

एका तिकिटाला स्टेटसचे पाच बदल, तीन टाइम एंट्रीज. दोन्ही तिकिटाला जोडल्या की पंधरा ओळी, प्रत्येक एंट्री पाच वेळा. साडेसहा गुणिले पाच. ही चूक मी याआधीही केलीय, पुढेही करेन. क्वेरी अडत नाही, लाल अक्षर येत नाही, आकडा फक्त फुगतो, आणि फुगलेला आकडा कष्टाळू माणसाचा वाटतो. आधी प्रत्येक बाजू तिकिटामागे एका ओळीवर आणायची, मगच जोडायची.

शनिवार, २४ जानेवारी

मेटाबेसवर पान उघडायला फार वेळ लागतोय. भाई म्हणाला इंडेक्स टाक. 'एक्सप्लेन ॲनलाइझ' (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) करून बघितलं तर जर्नल्सवर तिकिटाच्या नंबराचा इंडेक्स रेडमाइनने आधीच दिलेला आहे. पोस्टग्रेस तो वापरतच नाही, सगळं टेबल सरळ वाचतो.

लहानपणी आजोबा मला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून उभी केलेली ती लायब्ररी. आत पुस्तकांच्या कपाटांमधली जमीन काचेची, आणि मला पुस्तकांपेक्षा ती काच जास्त आवडायची. एक पुस्तक हवं असेल तर कार्डाचा खण उघडायचा. पण वर्षअखेरीला सगळी पुस्तकं मोजायची असतील तर कुणी एकेक कार्ड काढून कपाटापर्यंत चकरा मारत नाही, पहिल्या फळीपासून सुरुवात करतो. माझी क्वेरी सगळी पुस्तकं मोजतेय. पोस्टग्रेस शहाणा आहे.

उपाय: रात्री बॅकअप उतरला की मुक्कामांचा मटेरियलाइज्ड व्ह्यू एकदाच बांधायचा, दिवसभर तोच वाचायचा. पान आता लगेच उघडतं.

बुधवार, २८ जानेवारी

साहेबांना दाखवलं. त्यांनी पूर्ण पान बघितलं आणि म्हणाले, "एक ज आंकडो आपो." एकच आकडा द्या, सरासरी किती?

सरासरी पानावर नाही, मुद्दामच. नोव्हेंबरमध्ये बेननी दिवाळीनंतर जुनी पडून राहिलेली तिकिटं एकेक करून निपटली. त्या महिन्याची सरासरी आभाळाला भिडली आणि त्यांना बोलणी बसली. विहिरीतला गाळ काढला की पाणी आधी गढूळच होतं. साहेबांना कागदावर मांडून दाखवलं: नऊ तक्रारी दोन-दोन दिवसांत सुटल्या, दहावी दोनशे दिवसांची जुनी, तीही याच महिन्यात सुटली. बेरीज २१८, सरासरी २१.८ दिवस. मधला आकडा, मीडियन, दोन. आणि ती दहावी सोडवलीच नसती तर सरासरीही दोन, सगळे खूश, फक्त ग्राहकाचा पंप दोनशे एकाव्या दिवशीही बंद. सरासरी फक्त सुटलेल्या तक्रारींची निघते. न सुटलेल्या तिच्यात येतच नाहीत, म्हणून न सोडवण्यातच शहाणपण ठरतं.

म्हणून पानावर सगळ्यात वर उघड्या तिकिटांचं वय: आठवड्याच्या आतली, महिन्याच्या आतली, त्याहून जुनी. त्याखाली आपल्या घड्याळाचे तास, मीडियन आणि नव्वद टक्के तक्रारी किती तासांच्या आत सुटल्या तो आकडा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी 'पर्सेंटाइल कॉन्ट' हे फंक्शन आहेच.

साहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग विचारलं, नोव्हेंबरमध्ये बेनना मी काय बोललो होतो? मी म्हटलं, आठवत नाही. आठवतं चांगलं.

शुक्रवार, ३० जानेवारी

शेवटची तपासणी. प्रत्येक तिकिटाच्या सगळ्या मुक्कामांची बेरीज ही उघडल्यापासून शेवटच्या बंदपर्यंतच्या काळाइतकी यायलाच हवी. नवी तिकिटं चोख. जुन्यांपैकी बऱ्याच तिकिटांत काळ कमी भरतोय, कुठे चार दिवस, कुठे अकरा.

कारण सापडलं. जर्नलमध्ये स्टेटस ७ आहे, स्टेटसच्या टेबलमध्ये ७ नाही. कधीतरी कुणीतरी ते यादीतून काढून टाकलं. आज कुठल्याच तिकिटावर नसलं तर रेडमाइन काढू देतो, पण इतिहासात नंबर तसाच राहतो. माझा साधा जॉइन त्या ओळी न बोलता गाळत होता. लेफ्ट जॉइन केला, ओळी आल्या, नाव रिकामं. ७ म्हणजे काय? बेन नव्या, त्यांना माहीत नाही. भाईला नाही. टिपांचा कॉलम मीच बंद करून ठेवलाय.

रविवार, १ फेब्रुवारी

दांडिया बाजारात काकांकडे गेले. रेडमाइन येण्याआधी तक्रारींची वही तेच ठेवायचे, नंतर पहिली काही वर्षं रेडमाइनही त्यांनीच चालवला. निवृत्त होऊन बराच काळ लोटला. काकूंनी पोहे पुढे केले.

"सात? अगं, ते 'सुटा भाग वाटेत'. इथून ट्रान्सपोर्टने सील पाठवलं की मी ते लावायचो. नंतर कुणी साहेब म्हणाले स्टेटस फार झाली, मग काढलं."

मी म्हटलं, काका, मग त्या काळात घड्याळ कुणाचं धरू? आपण तर भाग पाठवलेला असायचा. ट्रान्सपोर्टवाल्याचं वेगळं काढू का?

काका पोह्यांवर लिंबू पिळत होते. "तोवर त्याचा पंप चालू होता का?"

रात्री घरूनच टेबलात ओळ भरली. ७, सुटा भाग वाटेत, घड्याळ आपलं. बेरजा जुळल्या. जुन्या वर्षांचे आपले तास आता वाढलेले दिसतील. उद्या साहेबांकडे जाताना दोन्ही कागद छापून नेते, आधीचा आणि नंतरचा.